टोपी बाजारातली करमाफी

टोपी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
१४ जानेवारी २०२६

सीमंतिनी,

वर काय लिहावं यात माझी अर्धी सकाळ गेली. ‘चि. सौ.’ लिहिलं, खोडलं. ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. आपल्या घरात बहीणभावांनी एकमेकांना प्रिय म्हणायची पद्धत नव्हती. शेवटी शरयू म्हणाली, "नाव लिहा आणि पुढे चला, नाहीतर पुढची संक्रांत उजाडेल." म्हणून नुसतं नाव. राग मानू नकोस. म्हणजे, आहे त्याहून जास्त मानू नकोस.

सोबत मुरैन्याची गजक पाठवली आहे, एक किलो. तिळगूळच समज. धुळ्यात गजक म्हणून जे काही विकतात ती गजक नव्हे, हे मी न खाता सांगतो. पांडुरंगरावांचे दात साथ देत असतील तर त्यांनाही दे. फोन केला असता, पण तू माझा फोन उचलत नाहीस. दोनदा नंबर बदलून पाहिला, तरी तुला कसं कळतं देव जाणे.

आता काम सांगतो. नगर निगमानं लष्करातल्या जुन्या बाजारांसाठी एक योजना काढली आहे. जुनी कारागिरी चालवणारं दुकान असेल आणि त्यात कारागीर बाईची निम्मी मालकी असेल, तर पाच वर्षं दुकानाचा संपत्ती कर माफ. पूर्ण माफ! निगमाकडून काही माफ झाल्याचं अण्णांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तू विचारशील, मग शरयूचं नाव का घालत नाही? अगं, तपासणीला बाई येणार आहेत आणि मालकिणीला समोर बसवून काम करून दाखवायला सांगणार आहेत. शरयू म्हणते, "मला पगडी बांधता येत नाही आणि खोटं तर त्याहून येत नाही." आपल्या अण्णांच्या, माधवराव पगडबंदांच्या घरात शिंदेशाही पगडी बांधता येणारी बाई एकच झाली, ती तू.

फॉर्म सोबत आहे. फुलीची खूण केली आहे तिथे सही कर आणि पाठवून दे. शेवटची तारीख २७ फेब्रुवारी. बाकी इकडे सगळं झकास. धंदा उत्तम, तब्येत ठणठणीत.

भालचंद्र

*

ग्वाल्हेर
२७ जानेवारी २०२६

सीमंतिनी,

तुझं कार्ड मिळालं. ‘गजक पोचली. फॉर्म वाचला. सही केलेली नाही.’ एकोणीस वर्षांनी बोललीस आणि तीन वाक्यं! तारेला शब्दामागे पैसे पडायचे, तेव्हासुद्धा लोक याहून जास्त लिहीत.

तुला वाटतं तसं काही अवघड नाही यात. नुसतं नाव लागतं. दुकानात येऊन बसायचं नाही, गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची नाही. तपासणीच्या दिवशी एकदा यायचं, बाईंसमोर एक पगडी बांधायची, संध्याकाळी पाटणकर बाजारात हिंडायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. जाण्यायेण्याचं भाडं माझ्याकडे. एसीचं. पांडुरंगरावांचंही.

आणि अण्णांच्या तेराव्याच्या वेळचा तो गैरसमज अजून तुझ्या मनात असेल, तर एवढंच म्हणतो की आता आपली वयं झाली. मी सदुसष्टचा, तूही साठी ओलांडलीस. किती दिवस धरून बसायचं?

ता. क. शरयूनं हे पत्र वाचलं आणि ‘गैरसमज’ या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. का मारली ते सांगत नाही. खोडायला रबर सापडेना, म्हणून तसंच पाठवतो.

भालचंद्र

*

ग्वाल्हेर
९ फेब्रुवारी २०२६

सीमंतिनी,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो, कारण बाजारात परवा जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपल्या शेजारचा तुकोजी तुला आठवत असेल. मुंडावळ्या, बाशिंगं, अंतरपाट विकतो. त्यानं विमलवहिनींचं नाव घालून सगळ्यांच्या आधी फॉर्म भरला. परवा तपासणीला निगमाच्या शिखाजी आल्या. तिशीतल्या, चष्मेवाल्या, बोलणं गोड पण नजर अण्णांसारखी. तुकोजीनं वहिनींना शालू नेसवून गल्ल्यामागे बसवलं होतं आणि सांगून ठेवलं होतं की तू फक्त हस, बोलायचं मी बघतो.

शिखाजींनी एक मुंडावळी उचलली. "ये कौन बनाता है?"

तुकोजी म्हणाला, "जी, हमारी फर्म बनाती है."

"तो फर्म को बुलाइए."

तुकोजीनंच मग दोरा-मणी पुढे ओढले. दहा मिनिटं खपला आणि असली गाठ मारली की ती शेवटी कात्रीनं कापावी लागली. वहिनींना हसू आवरेना. त्यांनी पदर खोचला आणि बघता बघता मोत्यांचा एक सर ओवून बाईंच्या हातात ठेवली. चाळीस वर्षं घरी बसून सगळा माल त्याच करतात, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. फक्त कोणी म्हणत नव्हतं.

शिखाजींनी शेवटचा प्रश्न विचारला. "मालकिन ये हैं, तो दुकान की चाबी आपकी जेब में क्यों है?"

विमलवहिनींनी हात पुढे केला. सगळ्या बाजारादेखत तुकोजीला चावी द्यावी लागली. आणि गंमत म्हणजे त्यांनी ती परत दिलीच नाही! आता दुकान त्या उघडतात. उधारीवर नेणारे भाचे-पुतणे त्यांनी दोन दिवसांत सरळ केले. तुकोजी चहा आणून देतो आणि मला म्हणतो, "भालचंद्रराव, टैक्स तो बचा, पर मैं नहीं बचा." तोंडानं रडतो, पण मजेत आहे.

सगळे हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. घरी आल्यावर जेवताना शरयूला रंगवून सांगितलं. तिनं पोळी वाढली आणि विचारलं, "आणि आपण काय करतो आहोत?"

परवापासून तोच प्रश्न डोक्यात आहे. म्हणून लिहितो.

तो गैरसमज नव्हता. तू निघालेली होतीस, रिक्षा दारात उभी होती, आणि मी तुझ्या बॅगेवर कागद ठेवून म्हटलं, नुसता कागद आहे, बँकेला लागतो. तू म्हणालीस, "दादा, वाचू का?" मी म्हटलं, "वाचत बसलीस तर गाडी चुकेल." तो हक्कसोडीचा कागद होता, हे मला माहीत होतं. गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती, हेही मला माहीत होतं. मी सकाळीच स्टेशनवर फोन करून विचारलं होतं.

नंतर तू पत्र लिहून विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. उत्तर काय देणार होतो?

भालूदादा

*

ग्वाल्हेर
१९ फेब्रुवारी २०२६

सिमू,

आज शिवजयंती. मिरवणूक आत्ताच बाजारातून गेली. चौकातल्या मंडळाच्या पोरांनी तयार फेटे घातले होते, आत इलॅस्टिक लावलेले. ढोल वाजवताना एकाचा फेटा मागे घसरून झुरळाच्या मिशीसारखा लोंबत होता. तू असतीस तर त्याला थांबवून तिथल्या तिथे धडा दिला असतास.

तुझं पत्र कालच आलं. पूर्ण पानभर आहे, म्हणून दोनदा वाचलं. गाडीच्या चाळीस मिनिटांबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. एकच प्रश्न विचारला आहेस: ‘ही करमाफी निघाली नसती, तर तू मला पत्र लिहिलं असतंस का?’

शरयू म्हणाली, विचार करून लिहा. केला. नसतं लिहिलं, सिमू. हिंमत झाली नसती. लिहायचं मात्र रोज मनात असायचं. योजनेचा कागद बाजारात वाटला तेव्हा मला पहिल्यांदा कर आठवला नाही, तू आठवलीस. चला, बोलायला काहीतरी कारण मिळालं, असं वाटलं. मग माझा स्वभाव आडवा आला आणि त्या कारणामागे मी लपून बसलो.

आणखी एक खोटं लिहिलं होतं. धंदा उत्तम नाही. पगडीचं कापड पिळायला दोन माणसं लागतात, हे मी तुला सांगायला नको. एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला तू, तू डावखुरी, त्यामुळे दोन्हीकडून पीळ कसा घट्ट बसायचा! तुझं दर लग्नसराईला माहेरी येणं थांबल्यावर मी दुसरं टोक भिंतीतल्या खुंटीला बांधायला लागलो. एकोणीस वर्षं खुंटीनं काम चालवलं. आता उजवा अंगठा दगा देतो. डॉक्टर म्हणतात, सांधा झिजला. या शिवजयंतीला मी चार ऑर्डरी परत केल्या आणि लोकांना सांगितलं की कापड आलं नाही. कापड कपाटभर पडलं आहे.

फॉर्म तुझ्याकडेच आहे. फाडून टाक, नाहीतर त्यात गजक बांधून कोणाला दे. सही मी परत मागणार नाही.

भालूदादा

*

ग्वाल्हेर
२ मार्च २०२६

सिमू,

२७ तारीख गेली.

त्या दिवशी निगमाची खिडकी सहापर्यंत उघडी होती. तुकोजी चार वाजल्यापासून माझा जीव खात होता, "अरे भाई, दूसरा फॉर्म ले, बहन का साइन तू ही ठोक दे, कौन देखता है!" मला तुझी सही येते, हे तुला माहीत आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर अण्णांची यायची, तशी तुझीही येते. पाच वाजता हाताला खाज सुटली. मग मी दुकान बंद केलं आणि शरयूला घेऊन दौलतगंजात कचोरी खायला गेलो. साडेसहाला परत आलो. तुकोजी माझ्याशी बोलत नाही.

आज सोमवार. सकाळी नाहून, ठेवणीतला कोट घालून रजिस्ट्रीच्या कचेरीत गेलो आणि दुकानाचा निम्मा हिस्सा तुझ्या नावे केला. दानपत्र. ‘दान’ हा शब्द मला आवडला नाही. तुझंच तुला परत करण्याला दान काय म्हणायचं? पण वकील म्हणाले की कायद्यात दुसरा शब्द नाही. वकील फारच हळहळत होते. "तीन दिन पहले कर देते तो पाँच साल का टैक्स बचता, अंकलजी. आपको किसी ने बताया नहीं क्या?"

मी त्यांना म्हटलं, बताया था.

तीन दिवस आधी केलं असतं, तर तू म्हणाली असतीस, करमाफीसाठी केलं. आणि बरोबरच म्हणाली असतीस. मलाही आतून कधी खात्री पटली नसती. आता कोणी तसं म्हणूच शकत नाही. फायदा काडीचा झालेला नाही. उलट मुद्रांकाचे पैसे गेले ते वेगळेच. शरयू म्हणते, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, तुम्ही पहिल्यांदाच तोट्याचा सौदा करून शीळ घालत घरी आलात.

नक्कल सोबत आहे. तुझ्या ओळखीच्या वकिलाला दाखव, माझ्या नव्हे. कायद्यानं सही देणाऱ्याचीच लागते. घेणाऱ्यानं नुसतं हो म्हणायचं असतं. पत्रानं म्हटलंस तरी चालेल. नाही म्हणालीस तरी हिस्सा तुझाच राहावा अशी माझी इच्छा आहे, पण ते कायद्यात बसतं की नाही ते विचारायचं राहिलं.

उद्या होळी. शरयूचं पुरणाचं सामान आणायचं आहे, म्हणून थांबतो.

दादा

*

ग्वाल्हेर
१२ मार्च २०२६

सिमे, सिमे, सिमे,

काय केलंस हे!

काल दुपारी दुकानात बसलो होतो, तर शिखाजी दारात. हातात फाइल. "नमस्ते. सीमंतिनीजी से मिलना है, निरीक्षण है."

मी म्हटलं, "मॅडम, कुछ गलती हुई है. हमने तो फॉर्म भरा ही नहीं."

त्यांनी फाइल उघडून माझ्यापुढे धरली. मीच पाठवलेला फॉर्म, गजकेचा तेलकट डाग पडलेला. धुळ्याहून स्पीड पोस्टनं आलेला, निगमाचा शिक्का २६ फेब्रुवारीचा. खाली तुझी सही आणि तारीख २३. म्हणजे माझं शिवजयंतीचं पत्र हातात पडलं असेल त्याच दिवशी तू सही केलीस. तेव्हा दानपत्र नव्हतं. मी तसं काही करीन असं मी तुला लिहिलंही नव्हतं. तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं.

शिखाजींनी एका रकान्यावर बोट ठेवलं. मालकीचा पुरावा. तिथे सगळ्यांनी रजिस्ट्रीचा नंबर लिहिलेला असतो. तू मराठीत दोनच शब्द लिहिलेस. त्या म्हणाल्या, "ये मुझसे पढ़ा तो गया, समझ में नहीं आया. क्या लिखा है?"

मी चष्मा पुसला. परत लावला. वाचलं. ‘भाऊ देईल.’

पाणी प्यायलो. शरयू आतून आली, तिनं फॉर्म वाचला आणि तीच म्हणाली, "लिखा है, भाई देगा." आणि मग आम्ही दोघं म्हातारे टोपी बाजारात, भर दुपारी, गिऱ्हाइकांदेखत रडलो. शिखाजींनी खुर्ची ओढून घेतली, बसल्या आणि आमचं आटपेपर्यंत भिंतीवरच्या पगड्या मोजत राहिल्या.

मग मी मोठ्या ऐटीत कपाट उघडलं आणि दानपत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "ये लीजिए. भाई ने दे दिया."

त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तारखेशी आल्या आणि कपाळाला हात लावला. "दो मार्च? अंकलजी, मालिकाना हक़ सत्ताईस फ़रवरी तक का चाहिए था! तीन दिन! आपने तीन दिन पहले क्यों नहीं किया?"

आता काय सांगू त्यांना? बहिणीनं भावावर विश्वास ठेवून वेळेत सही केली, आणि भावानं बहिणीचा विश्वास बसावा म्हणून मुद्दाम उशीर केला! तुझा अर्ज वेळेवर आणि माझा कागद उशिरा. नामंजूर. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, गाडीच्या चाळीस मिनिटांपासून. ऐकता ऐकता बाई आधी गंभीर झाल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. विमलवहिनी धावत पाणी घेऊन आल्या. त्यांना परत सगळं सांगावं लागलं. तुकोजी ऐकून म्हणाला, "ऐसे दो मूरख एक ही घर में!" आणि मग आपणहून माझ्याशी बोलायला लागला.

जाताना शिखाजी म्हणाल्या की नियमापुढे त्यांचा इलाज नाही, पण योजना पुढच्या वर्षीही आहे. आणि मालकिणीचं ‘हो’ कुठे आहे, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. "सही कर दी, और क्या हाँ चाहिए?" निगमाच्या वहीत तुझं नाव चढवायचा अर्ज त्यांनी तिथेच माझ्याकडून लिहून घेतला.

मला अजून झोपेतसुद्धा तो रकाना दिसतो. एवढा विश्वास कुठून आणलास गं? मी तर कणभरही शिल्लक ठेवला नव्हता.

दादा

*

ग्वाल्हेर
१७ एप्रिल २०२६

चि. सौ. सिमूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘करमाफी तू घालवलीस, आता तूच भर’ हे वाक्य शरयूनं मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही दोनदा. पांडुरंगराव हसताना खुर्चीवरून घसरता घसरता वाचले हे वाचून बरं वाटलं. ते घसरले असते तर तो खर्चही माझ्याच डोक्यावर आला असता.

परवा अक्षय तृतीया. लग्नांची झुंबड उडाली आहे. मी नऊ पगड्यांची ऑर्डर घेतली आहे, सगळ्या मे महिन्यातल्या. अंगठ्याला विचारलेलं नाही. गिऱ्हाइकाला मात्र सांगितलं की आमच्याकडे आता दोन कारागीर आहेत. एक थोडी लांबून यायची आहे.

तू विचारलं आहेस, ‘आता तर करमाफीही नाही, मग मी कशाला येऊ?’ प्रश्न रास्त आहे. मी बराच विचार केला. प्रेमाबिमाचं कारण लिहायला बसलो तर ते मला साधणार नाही, आणि तुझा विश्वास बसला तरी तू तसं कबूल करणार नाहीस. म्हणून एक हिशेबाचं कारण शोधलं आहे.

आज सकाळी निगमात जाऊन या वर्षीचा कर भरला. पूर्ण. एक पैसा माफ नाही. खिडकीतल्या माणसानं पावती फाडून दिली. नावाच्या जागी छापलं आहे: सीमंतिनी, भालचंद्र. पहिलं तुझं. मी त्याला विचारलं की बहिणीचं नाव आधी कसं, मोठा तर मी आहे. तो म्हणाला, फाइलमध्ये अर्ज आधी कोणाचा आला होता?

पावतीची नक्कल सोबत जोडली आहे. एकूण अठरा हजार सहाशे. त्यातले निम्मे, म्हणजे नऊ हजार तीनशे, कायद्यानं तुझ्याकडे निघतात. चेक, मनीऑर्डर, मोबाईलवरून पाठवणं, यातलं मी काही घेणार नाही. मालकिणीनं स्वतः दुकानात यायचं आणि माझ्या हातात भरायचे.

आणि मोजून घ्यायला मी वेळ लावणार आहे. तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.

दादा